पाण्याचे माहेर

आमच्या अहमदपूरला रेल्वे नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत लातूर रोडपर्यंत लोहमार्ग व्हावा, ही मागणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आता आमची मुलेही ऐकतात. त्यामुळे आमचा रेल्वेचा प्रवास नेहमी एसटीनेच सुरू होतो. आणि प्रवास तरी कसले? हैदराबादचे नातेवाईक, गुलबर्ग्याची एखादी फेरी, लग्नकार्ये, दवाखाने. केवळ डोंगर पाहायला म्हणून आमच्या घराण्यात कोणी बाहेर पडल्याचे ऐकिवात नव्हते. आम्हाला ठाऊक असलेला डोंगर म्हणजे बालाघाट. बसक्या माथ्याचा, पावसाळ्यात हिरवा आणि संक्रांतीनंतर पिवळा पडणारा.

म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला अम्मींनी भिशीचे ४० हजार रुपये रुमालात बांधून समोर ठेवले आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत सह्याद्रीच्या डोंगरात जायचं," तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"कशाला अम्मी?"

"लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं ना, ते कुठून आलं ते मला बघायचंय. आणि तिथूनच पुढे पोरीच्या घरी जाऊ."

पोरगी म्हणजे आमची भाची, लातूरच्या आपाची मुलगी. तिचे सासर महाडला. तिचा निकाह झाला तो २०२० च्या डिसेंबरात, कोरोनाच्या काळात. चार माणसे आली, चार माणसे गेली. अम्मींनी आपल्या नवासीचे घर पाहिलेच नव्हते. लग्नानंतर सात महिन्यांनी, २२ जुलै २०२१ ला, महाडला महापूर आला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. भाचीचा फोन दोन दिवस लागला नाही. ते दोन दिवस अम्मी मुसल्यावरून उठल्या नाहीत. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की त्यांचा दर संध्याकाळी महाडला फोन जातो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी आलं का?"

हाच प्रश्न त्या लातूरला वेगळ्या अर्थाने विचारत असत. २०१६ च्या उन्हाळ्यात आपाचे ऑपरेशन झाले होते आणि अम्मी तीन महिने तिच्याकडे होत्या. मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. सोळा वर्षांची भाची पहाटे घागर घेऊन रांगेत उभी राहायची आणि ती परतली की अम्मी दारातूनच विचारायच्या, "पाणी आलं का?" मग १२ एप्रिलला पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून १० वॅगन आणि ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वॅगनची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. ते पाणी स्टेशनजवळच्या विहिरीत सोडायचे, तिथून जलशुद्धीकरण केंद्रात आणि मग टँकरने वस्त्यांत. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक खेपा झाल्या. आपाच्या गल्लीत पहिला टँकर आला तेव्हा अम्मींनी त्यातले एक फुलपात्र पाणी बाजूला काढून पिऊन पाहिले होते. "गोड आहे," म्हणाल्या होत्या.

तर हा सगळा हिशेब त्या भिशीच्या रुमालात बांधलेला होता. थोरल्या दिरांनी कुरकुर केली की एवढ्या पैशांत हैदराबाद दोनदा होईल. कोणी इसराफचा विषय काढला, पैशाची उधळपट्टी बरी नव्हे म्हणाले. अम्मी इतकेच म्हणाल्या, "अल्लाहने जमीन बनवली ती बघायला सांगितलंय. आणि माझे गुडघे अजून दोन वर्षं चालतील, पुढचं माहीत नाही." विषय संपला.

नियोजनाला आम्ही दोन महिने घेतले. जमिनीवर नकाशा पसरून मुलांनी पेन्सिलीने एक गोल काढला. लातूरहून रेल्वेने मिरज, मिरजेहून रेल्वेने सातारा, साताऱ्याहून भाड्याच्या गाडीने वाई, पाचगणी, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने कोकणात उतरून महाड, मग कोकण रेल्वेने पनवेल, आणि पनवेल–नांदेड गाडीने बोरघाट चढून परत लातूर. सहा माणसे आणि सात दिवस. ज्या रस्त्याने पाणी आले त्याच्या उलट जायचे, त्याच्या उगमापर्यंत चढायचे आणि डोंगराच्या पलीकडे उतरायचे. लहानपणापासून आम्हाला पश्चिम ठाऊक आहे ती किब्ल्याची दिशा म्हणून. त्या दिशेला मध्ये एवढे डोंगर आहेत, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून पहिल्यांदाच कळले.

वाचकांपैकी कोणाला असा प्रवास करायचा असेल तर आम्ही शिकलेल्या चार गोष्टी इथेच सांगतो. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या सुट्टीत त्याच सकाळी तिकीट काढले तर मिळते. ४५ वर्षांवरील महिला आणि ६० वर्षांवरील पुरुष यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे तिकीट वेगळे काढावे. ज्येष्ठांना रेल्वे भाड्यात मिळणारी सवलत २०२० पासून बंद आहे, मात्र एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. अम्मी अहमदपूर ते लातूर फुकट आल्या आणि कंडक्टरला दुआ देत उतरल्या.

लातूरहून कोल्हापूरकडे जाणारी गाडी रोज नसते. तिचा वार पाहून आम्ही निघण्याचा दिवस ठरवला. रात्री आपाकडे मुक्काम केला. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, आणि भाचीसाठी ज्वारीचे पीठ व उडदाचे पापड. गाडी सुटली तेव्हा बाहेर अंधार होता. बार्शीच्या पुढे उजाडले. बर्थवर बसूनच फज्र झाली. मागे उजाडत होते, म्हणून किब्ला शोधावा लागला नाही, पण गाडीने वळण घेतले की मुलांची कुजबुज सुरू, "दादी, आता फिरायचं का?"

हा लोहमार्ग एकेकाळी अडीच फुटी होता. बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत पोचली. अम्मी नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा त्याच गाडीने बार्शीला गेल्याची आठवण सांगत होत्या. चढावर गाडी इतकी हळू होई की माणसे उतरून चालत आणि पुन्हा चढत. पुढे मार्ग रुंद झाला म्हणून तर पाण्याच्या मोठ्या वॅगन लातूरपर्यंत येऊ शकल्या. कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला ही स्टेशने जाताना अम्मी प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होत्या. मिरज ते लातूर हे अंतर ३४२ किलोमीटर आहे. "एवढ्या लांबून आणलं," त्या दोनदा म्हणाल्या.

मिरजेला दुपार झाली. स्टेशनाजवळ खोली घेतली. संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या बाजूला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात, आणि बनवणारी घराणी बहुतेक मुस्लिम. त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, म्हणजे आम्ही सकाळी ज्या मुलखातून आलो तिथूनच. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले होते आणि दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते. एका दुकानात वयस्क कारागीर कोऱ्या तंबोऱ्याच्या तारा जुळवत होते. आमचा धाकटा, जो घरी एका जागी पाच मिनिटे बसत नाही, तो अर्धा तास तिथे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेहून साताऱ्याची गाडी. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, सगळा कृष्णेच्या खोऱ्यातून. दोन्ही बाजूंना ऊस आणि दूर पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ, जी स्टेशनागणिक उंच होत गेली. साताऱ्याला सातआसनी गाडी आधीच ठरवून ठेवली होती. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. घाटाचे वेगळे पैसे आहेत का, चालकाच्या मुक्कामाचा खर्च कोणाचा, आणि रात्री घाटात गाडी चालवायची नाही. आमचे चालकभाऊ वाईचेच होते. घाटातले प्रत्येक वळण त्यांना ओळखीचे होते.

वाईला कृष्णा भेटली. नदीला दगडी घाट आहेत. जोहरची वेळ झाली होती. अम्मी पायऱ्या उतरून पाण्याजवळ बसल्या. पाणी स्वच्छ आणि वाहते होते. आम्हाला वाटले आता त्या ओंजळी भरभरून घेतील. त्यांनी पिशवीतून आपला पितळी लोटा काढला, एकदा भरला, आणि त्या एका लोट्यात वजू उरकला. शेवटचे घोटभर पाणी उरले ते पायरीच्या फटीत उगवलेल्या रोपाला घातले.

मुले हसली. "दादी, अख्खी नदी समोर आहे!"

"असली म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण सगळ्यांनीच मदरशात ऐकलेली असते. लातूरच्या त्या उन्हाळ्याने अम्मींना ती हातातच बसवली. आम्ही चार रकातींच्या दोन केल्या आणि पुढे निघालो. प्रवासातली ही सवलत म्हाताऱ्या गुडघ्यांना किती मोलाची असते, ते अशा वेळी कळते.

वाईहून पसरणीचा घाट सुरू होतो. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, पोट अगदी रिकामेही नको आणि भरलेलेही नको. अम्मी पुढे बसून आवळासुपारी चघळत होत्या. मागे आमच्यापैकीच दोघांची अवस्था वाईट झाली. जसजसे वर चढावे तसतसा खाली धोम धरणाचा जलाशय उलगडत जातो. कृष्णेवरचे हे मोठे धरण. पाचगणीच्या पठारावर गेलो तेव्हा वारा इतका होता की ओढण्या सांभाळाव्या लागल्या. त्या जांभ्या दगडाच्या सपाट माथ्याकडे पाहून धाकटा म्हणाला, "हा तर आपल्या बालाघाटासारखाच आहे." खोटे नव्हते. फक्त कड्याशी जाऊन खाली पाहिले की फरक कळतो.

पाचगणी ते महाबळेश्वर वीस किलोमीटरांच्या आतबाहेर. रस्त्याच्या कडेच्या शेतांत स्ट्रॉबेरीची नुकती लावलेली रोपे प्लास्टिकच्या पट्ट्यांतून डोके वर काढत होती. फळे खायची असतील तर डिसेंबरनंतर यावे. महाबळेश्वरला आमची एक फजिती झाली. फोनवर तळमजल्याची खोली कबूल करून आगाऊ पैसे घेतलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्याची खोली दाखवण्यात आली. अम्मींच्या गुडघ्यांना ते दोन जिने म्हणजे अजून एक घाट. तासभर वाद घातला आणि शेवटी दुसरीकडे जास्त पैसे देऊन राहिलो. म्हातारे माणूस सोबत असेल तर खोलीचे बोलणे लेखी घ्यावे, निदान मोबाइलवर संदेश तरी मागून घ्यावा. जेवणाची मात्र अडचण आली नाही. बाजारपेठेच्या बाजूला मशीद आहे, तिथे विचारले की हलाल जेवण कुठे मिळेल ते कोणीही सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. मंदिरात भाविकांची रांग होती. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहत राहिलो. मग केट्स पॉइंटवरून कृष्णेचे खोरे पाहिले. खाली पाण्याचे निळे तुकडे आणि त्यांच्यामधून पूर्वेकडे जाणारी नदी. पुढे वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीला मिळते आणि कोयना कराडला. हीच नदी मिरजेला पोचते, आणि पुढे आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आमचा मुलूख गोदावरीच्या खोऱ्यातला. हे पाणी आमच्याकडे कधीच येणारे नव्हते. त्याला रेल्वेत बसवून आणावे लागले.

इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्या लातूर जिल्ह्यात चांगल्या वर्षी आठशे. मोठ्या मुलीने मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाली, "दादी, यांचा एका वर्षाचा पाऊस आपल्याला सात वर्षं पुरेल." अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुसरी बाजू दाखवा."

दुसरी बाजू म्हणजे आर्थर सीट. इथे डोंगर एकदम तुटतो. खाली सावित्रीचे खोरे, थरावर थर लावल्यासारखे काळे कडे आणि पलीकडे कोकण. इथून समुद्र सरळ रेषेत जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर. कृष्णेला समुद्र गाठायला सुमारे चौदाशे किलोमीटर चालावे लागते आणि त्याच डोंगरावरून निघालेल्या सावित्रीला हे एवढेसे अंतर. तीव्र उतार, तुफान पाऊस, भरतीच्या वेळी तुंबणारी खाडी. महाडला पूर का येतो ते पुस्तकात वाचण्यापेक्षा या कठड्याशी उभे राहिले की लवकर समजते. अम्मी कठडा धरून उभ्या होत्या. "या पाण्याच्या तोंडाशी दिली आपण पोरगी," त्या पुटपुटल्या.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर आंबेनळी घाट उतरायला सुरुवात केली. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसेक किलोमीटर, पण दोन तास धरावेत. २०२१ च्या त्याच जुलैत या रस्त्याचे मोठे नुकसान झाले होते. पावसाळ्यात इकडे येण्याचा बेत करू नये आणि इतर वेळीही उजेडातच उतरावे. घाटात दाट झाडी, माकडे आणि वळणागणिक गरम होत जाणारी हवा. अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा अम्मींनी आपला खरा बेत सांगितला. भाचीच्या सासूबाईंशी बोलायचे, आणि दरवर्षी जून ते सप्टेंबर तिला अहमदपूरला पाठवा म्हणायचे. आम्ही चमकलो. लग्न झालेल्या मुलीला चार महिने माहेरच्या माणसांत ठेवा, हे सांगणे म्हणजे तुमचे घर राहण्याजोगे नाही असे सांगणे. पण अम्मींच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी काही बोलले नाही.

पोलादपूरहून मुंबई–गोवा महामार्गाने महाडकडे वळलो. महाडच्या अलीकडे सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस व इतर वाहनेही गेली. लातूरला पाण्याची रेल्वे ज्या वर्षी आली, तेच वर्ष. आता नवा रुंद पूल आहे. चालकभाऊंनी वेग कमी केला. आम्ही सगळ्यांनी गेलेल्यांसाठी दुआ मागितली. नदी त्या दिवशी गुडघाभर पाण्याची, निवांत वाहत होती.

भाचीच्या घरी पोचलो तर दारात सगळे कुटुंब उभे. आम्ही घरात दखनी बोलतो, ते कोकणी बोलतात, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचे अर्धेच कळते. म्हणून दोन दिवस मराठीच चालली. तांदळाच्या भाकऱ्या, मासळीचे सालन, सांदण. आमच्या ज्वारीच्या पिठाची भाकरी भाचीने केली तेव्हा तिचे दीर तोंडावर मोठा उत्साह आणून खात होते. संध्याकाळी मशिदीत आमच्याकडच्या पुरुषांना थोडे बावरायला झाले. कोकणी मुसलमान शाफई आणि आम्ही हनफी. रुकूच्या आधी-नंतर उठणारे हात आणि मोठ्याने म्हटलेले आमीन. बाहेर पडताना इमामसाहेबांनी स्वतःहून सलाम करून गाव विचारले आणि अहमदपूर कुठे आले ते शेवटपर्यंत त्यांच्या लक्षात आले नाही.

रात्री ओटीवर बसलो तेव्हा भाचीच्या सासूबाईंनीच पुराची गोष्ट काढली. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते, छातीच्या उंचीवर. त्या म्हणाल्या, "पूर ओसरला आणि घरात गुडघाभर चिखल. विहीर गढूळ, नळ बंद, वीज नाही. तिसऱ्या दिवशी टँकर आला, घरात अकरा माणसं आणि मिळाले चार हंडे. आम्हाला रडू यायला लागलं. आम्हाला पाणी पुरवून वापरायचं ठाऊकच नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे बाहेर घालवायची गोष्ट. तेव्हा ही सात महिन्यांची नवी सून पुढे आली. म्हणाली, चार हंडे खूप आहेत."

भाचीने एक हंडा पिण्याला ठेवला आणि एक रांधायला. वजूला माणशी एक लोटा. भांडी आधी राखेने घासायची आणि मग एकाच पाण्यात विसळायची, आणि ते विसळलेले पाणी फरशीच्या चिखलाला. आठ दिवस घर तिने असे चालवले. गल्लीतल्या बायका तिच्याकडे विचारायला यायच्या.

"हे तू कुठे शिकलीस?" सासूबाईंनी तेव्हा तिला विचारले होते. आमच्या समोर त्यांनी पुन्हा विचारले. भाचीने नुसते अम्मींकडे पाहिले.

मग तिनेही आपली गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात कौलांवरच्या आवाजाने तिला झोप येत नसे. एवढे पाणी वाया जाते म्हणून ती वळचणीखाली घरातली सगळी भांडी लावून ठेवायची आणि सासरचे हसायचे. त्या जुलैच्या रात्री तीच भांडी अंगणात तरंगत गेली. आता सासूबाईंनी तिला इकडचे शहाणपण शिकवले आहे. जून लागला की कागदपत्रे, धान्य आणि कुरआन शरीफ माळ्यावर चढवायचे, गॅसची टाकी बांधून ठेवायची, नदीचा आवाज बदलला की कोणाची वाट न पाहता वरच्या आळीत जायचे. तिने अम्मींना हाताला धरून तो माळा दाखवला. अम्मी गुडघे विसरून चार पायऱ्या चढल्या आणि प्रत्येक डबा उघडून पाहून आल्या.

आम्ही सगळे अम्मी बोलायची वाट पाहत होतो. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पावसाळ्यात तुम्हीच या अहमदपूरला. आमच्याकडे पाऊस नसतो, झोप चांगली लागते." हसण्यात विषय गेला. चार महिन्यांचे बोलणे निघालेच नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या मिस्टरांनी आम्हाला चवदार तळ्यावर नेले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह इथले पाणी ओंजळीत घेतले होते, कारण ते घेण्याचा हक्कही नाकारलेला होता. त्याच वर्षी डिसेंबरात भरलेल्या परिषदेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. हे मुलांना सांगताना आम्हालाच बरे वाटले. तळ्याच्या काठी शांतता होती. मोठ्या मुलीने विचारले, "पाणी असून प्यायला न देणं आणि पाणीच नसणं, यात जास्त वाईट काय?" आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही.

सहाव्या दिवशी वीर स्टेशनवरून पनवेलची गाडी धरली. कोकण रेल्वेचा हा उत्तरेकडचा भाग. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. मोठे बोगदे आणि उंच पूल दक्षिणेकडे आहेत, ते पाहायचे असतील तर चिपळूण, रत्नागिरीच्या पुढे जावे लागते. आमच्या वाट्याला भातखाचरे, खाडीची वळणे आणि कापणीनंतर उभ्या केलेल्या पेंढ्याच्या उडव्या आल्या. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालतात, हे ध्यानात ठेवावे. पनवेलला गाडी बदलायची तर मध्ये चार तास तरी हाताशी ठेवावेत.

पनवेलहून नांदेडची गाडी सुटली आणि कर्जतला मागून जादा इंजिने लागली. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. गाडीला मागून ढकलल्याशिवाय तो चढत नाही. हा घाटमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि तो खोदताना हजारो मजुरांनी जीव गमावला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच आजारी पडून वारले, तेव्हा त्यांची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही, दोन इंजिनिअर नेमून काम पुढे चालू ठेवले. हे सांगितल्यावर अम्मींनी खिडकीबाहेरच्या बोगद्याकडे नव्याने पाहिले. "बाईनं केलंय होय," म्हणाल्या. मुलांनी बोगदे मोजले. एकाचे पंचवीस भरले, दुसऱ्याचे सत्तावीस, आणि लोणावळ्यापर्यंत भांडण चालले. मावळतीचे ऊन दरीत उतरत होते. आम्ही पुन्हा डोंगराच्या आमच्या बाजूला आलो होतो.

पहाटे लातूर. आपा स्टेशनवर आली होती. अम्मींनी तिला घरी जाईपर्यंत फक्त माळ्याचे सांगितले. किती उंच आहे, पायऱ्या कशा आहेत, कोणत्या डब्यात काय आहे. ४० हजारांत भागले नाही, वर आमचे थोडे गेले. थोरल्या दिरांनी हिशेब पाहिला आणि मिरजेच्या गल्लीचा पत्ता विचारून घेतला.

या जुलैत महाडकडे पुन्हा पावसाचा जोर झाला. संध्याकाळी अम्मींनी फोन लावला. आम्ही कान टवकारून होतो.

"माळ्यावर सामान चढवलंस?" त्यांनी विचारले. पलीकडून काही उत्तर आले. "आणि सासूबाईंना म्हणावं, त्यांची खोली तयार आहे. नळ आज आलाय, भरून ठेवलंय पाणी."